एमपी३ मोकळा झाला, ध्वनिमुद्रणाचे काय?

‘ध्वनी आणि तंत्र’ या सदराकडे या वेळी आलेली पत्रे बहुतेक ग्वाल्हेरची आहेत. ज्या गावात जुन्या वाड्यांच्या खुंट्यांवर तंबोरे टांगलेले असत, तिथे आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे, त्यामुळे यात नवल नाही. प्रश्न वरवर वेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोंधळ दिसतो. फाइलचा प्रकार, ती तयार करणारे सॉफ्टवेअर, त्यात वापरलेले तयार तुकडे आणि प्रत्यक्ष गाणे-वाजवणे या चार गोष्टींचे हक्क चार वेगळ्या हातांत असतात. त्यांपैकी एकाची परवानगी मिळाली, म्हणजे दुसऱ्याची आपोआप मिळाली असे होत नाही. जागेअभावी पत्रे संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी हार्मोनियम व गायन शिकवतो. जुन्या संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून एमपी३ फाइल करायला गेले की ‘लेम’ नावाची फाइल कुठे आहे ते दाखवा, असे विचारले जाई आणि ती वेगळी उतरवून घ्यावी लागे. संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ म्हणत, “एमपी३ परवान्याची वस्तू आहे, हे चोरीचे काम आहे.” नव्या संगणकावर असे काहीच विचारले जात नाही. इतकी वर्षे आम्ही बेकायदा वागलो का, आणि आता नेमके काय बदलले?
— एक संगीतशिक्षक, लष्कर

उत्तर : चोरीचा आरोप आपण मनातून काढून टाकावा, मात्र त्या गृहस्थांच्या कानावर आलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती. एमपी३ ही पद्धत जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्रॉनहोफर संस्था आणि तिच्या बरोबरीने काम करणारे इतर संशोधक यांनी विकसित केली. १९९३ साली ती एमपेग-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा स्तर म्हणून प्रसिद्ध झाली आणि फाइलच्या नावामागे लागणारी ‘एमपी३’ ही खूण १९९५ च्या जुलैमध्ये ठरली. मानक प्रसिद्ध असल्यामुळे ते कोणालाही वाचता येत होते, परंतु त्यात वापरलेल्या युक्त्यांवर अनेक देशांत पेटंटे होती आणि ती वापरू देण्याचा व्यवहार थॉमसन ही कंपनी पाहत असे. आकारणी प्रतीमागे होती : एमपी३ वाजवू शकणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीला पाऊण डॉलर आणि एमपी३ तयार करू शकणाऱ्या प्रतीला त्याहून अधिक.

या प्रतीमागच्या आकारणीतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. १९९८ साली फ्रॉनहोफरने मोफत एन्कोडर (आवाजाची एमपी३ फाइल करणारे प्रोग्राम) वाटणाऱ्या प्रोग्रामरांना पत्रे धाडली आणि त्याच वर्षी ‘लेम’ची सुरुवात झाली. मानकाबरोबर नमुन्यादाखल जो प्रोग्राम दिलेला होता, त्यात करावयाच्या सुधारणांचा संच एवढेच त्याचे आरंभीचे रूप होते. २००० साली मूळ नमुन्यातील उरलासुरला भागही बदलला गेला आणि लेम स्वतंत्र एन्कोडर झाला. त्याच्या लेखकांनी आपल्या कोडवरचा कॉपीराइट एलजीपीएल या मोकळ्या परवान्याखाली सर्वांना वापरायला दिला. पण जो कोड आपण लिहिला तोच आपण देऊ शकतो. त्या कोडमागच्या पद्धतीवर दुसऱ्याचे पेटंट असेल, तर ते मोकळे करण्याचा अधिकार कोड लिहिणाऱ्याला नसतो. ऑडॅसिटी मोफत, तिच्या प्रती कोणीही कोणालाही द्याव्यात. मग किती प्रतींचे पैसे भरायचे आणि ते कोणी भरायचे? म्हणून ऑडॅसिटीच्या मंडळींनी लेम सोबत न देता, वापरणाऱ्यानेच तो वेगळा बसवावा, अशी व्यवस्था केली. आपल्याला जी अडचण वाटे, ती या व्यवस्थेची होती.

शिष्यांसाठी घरी फाइल करणाऱ्या शिक्षकाकडून शुल्क वसूल करण्याची ती योजनाच नव्हती. तिचा रोख सॉफ्टवेअर आणि यंत्रे बनवणाऱ्यांवर, तसेच मोठ्या व्यावसायिक वितरणावर होता. शिवाय पेटंट ज्या देशात मिळते तेवढ्याच देशात चालते, आणि आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ (के) संगणक प्रोग्रामला किंवा अल्गोरिदमला निव्वळ त्या रूपात पेटंट देत नाही. पेटंटाला मुदत असते, आपल्याकडे ती वीस वर्षांची आहे. एमपी३ ची परदेशांतील पेटंटेही एकेक करून संपत गेली आणि २३ एप्रिल २०१७ रोजी परवान्यांची योजना बंद करण्यात आली. त्या सुमारास ‘एमपी३ संपला’ अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या होत्या, त्या वाचून मला गंमत वाटली होती, कारण प्रत्यक्षात तो त्या दिवशी खऱ्या अर्थाने सर्वांचा झाला होता. २०१९ साली आलेल्या २.३.२ या आवृत्तीपासून ऑडॅसिटीत लेम आतच दिलेला असतो. आपल्या नव्या संगणकाचे मौन त्यामुळे आहे.

मात्र फोनवर सर्रास आढळणाऱ्या एम४ए फाइलींतील एएसी या पद्धतीसाठी परवान्यांची योजना वेगळी आहे. तिथेही पैसे भरायचे ते यंत्र व सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने. एएसीत केलेली फाइल वाटणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला त्यासाठी शुल्क नाही. विंडोजवरच्या ऑडॅसिटीतून एम४ए फाइल करायची तर एफएफएमपेग ही लायब्ररी अजूनही स्वतंत्रपणे बसवावी लागते. हा जुनाच अनुभव आपल्याला नव्या नावाने येईल, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : रियाजासाठी तीनतालाच्या लेहऱ्याचे (तबल्याच्या साथीला पुन:पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचे) एक आवर्तन सारंगीवर वाजवून घेतले, नीट कापले आणि फोनवरच्या ॲपमध्ये ते पुन:पुन्हा वाजेल असे लावले. संगणकावर निर्दोष वाटणारे आवर्तन फोनवर मात्र दर वेळी समेवर अडखळते. शिष्य म्हणतात की लय ढळते. कापण्यात चूक आहे का?
— एक तबलावादक, मुरार

उत्तर : कापण्यात चूक असती तर संगणकावरही ऐकू आली असती. दोष एमपी३ च्या रचनेत आहे, आणि ज्याचा कान समेवर असतो त्यालाच तो प्रथम कळतो. एमपी३ आवाज सलग साठवत नाही. ११५२ नमुन्यांचा (नमुना म्हणजे आवाजाचे एका क्षणी घेतलेले माप) एक याप्रमाणे ठरावीक मापाचे गट करून साठवतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एक गट साधारण २६ मिलिसेकंदांचा झाला. आता मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत तीनतालाचे आवर्तन बरोबर सोळा सेकंदांचे, म्हणजे ७,०५,६०० नमुन्यांचे होते. त्याला ११५२ ने भागल्यास ६१२.५ येतात. अर्धा गट करता येत नाही, म्हणून एन्कोडर शेवटी शांतता भरून तो पूर्ण करतो. त्याखेरीज एन्कोडिंगच्या गणिताला सुरुवातीला थोडी मोकळी जागा लागते. लेम ती ५७६ नमुन्यांची ठेवतो आणि शेवटचे नमुने कापले जाऊ नयेत म्हणून मागेही जागा राखतो. या हिशेबाने आपले आवर्तन ६१४ गटांचे होते आणि मुळापेक्षा १७२८ नमुन्यांनी, म्हणजे सुमारे चाळीस मिलिसेकंदांनी लांबते. विलंबित लयीत हे एखाद्याच्या लक्षात येणार नाही, पण सोळाव्या मात्रेनंतर दर वेळी तेवढा श्वास मध्ये आला की हात थबकतो. आपल्या शिष्यांचे म्हणणे खरे आहे.

पुढे किती आणि मागे किती भर घातली, हे लेम फाइलच्या आरंभीच्या नोंदीत लिहून ठेवतो. ती नोंद वाचणारा प्लेअर भर काढून टाकतो आणि आवर्तन अखंड वाजते. फोनवरची अनेक साधी ॲपे ती नोंद वाचतच नाहीत. म्हणून आवर्तनासारखा पुन:पुन्हा वाजवायचा तुकडा एमपी३ मध्ये ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावा. जागा कमी असेल तर ऑग व्होर्बिस वापरावे, कारण त्यात आवाजाची नेमकी लांबी नोंदवलेली असते. ही तिन्ही स्वरूपे आपल्या ॲपला वाजवता येत नसतील, तर सॉफ्टवेअरमध्येच आवर्तने एकापुढे एक जोडून अर्ध्या तासाची एकच सलग फाइल करावी. मग ती एमपी३ असली तरी बिघडत नाही. जोड आतले असतात आणि भर फक्त दोन टोकांना पडते.

ध्वनिमुद्रणाबाबतही एक सुचवावेसे वाटते. सारंगीवाल्यांकडून एकच आवर्तन घेतले, तर त्याच्या आरंभी मागच्या आवर्तनाची आस (स्वराची रेंगाळणारी गुंज) नसते, त्यामुळे तांत्रिक जोड निर्दोष असूनही सम कोरडी लागते. सलग तीन आवर्तने वाजवून घ्यावीत आणि मधले कापावे. पहिल्याच्या शेवटच्या स्वराची आस मधल्याच्या समेत आपोआप मिसळलेली असते, आणि तेच आवर्तन स्वतःलाच जोडले तरी कानाला खटकत नाही. कापताना तरंग शून्य रेषेला छेदतो ती जागा निवडावी, म्हणजे जोडावर ‘टक’ असा आवाज येणार नाही.

प्रश्न : गुरुजींच्या शिकवणीच्या १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) फाइली माझ्याकडे आहेत. त्या ३२० वर नेल्यास तंबोरा अधिक स्पष्ट होईल का?
— एक विद्यार्थिनी, संगीत विद्यापीठ, ग्वाल्हेर

उत्तर : होणार नाही, फाइल अडीचपट मोठी होईल आणि एन्कोडिंगच्या आणखी एका फेरीत असलेला तपशीलही थोडा झिजेल. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा काढून टाकलेला असतो, आणि दाट स्वरांशांच्या (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांच्या) जागी एन्कोडरला काटकसर करावी लागते. तंबोऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या गुंजनात, नेमके हेच दाट स्वरांश असतात, म्हणून कमी बिटरेटवर जवारी पाण्याखालून आल्यासारखी लागते. तबल्याच्या ‘ना’च्या आधी किंचित सरसर ऐकू येते, तीही त्याच कारणाने : एन्कोडरने केलेली चूक गटभर पसरते आणि आघाताच्या आधीच कानावर पडते. गेलेले परत येत नाही. आहेत त्या फाइली तशाच जपाव्यात.

यापुढे ध्वनिमुद्रण करताना मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवावी. सीडीच्या दर्जाचे दोन वाहिन्यांचे वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. फ्लॅक काहीही न गमावता त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांशांच्या आसपास बसते. ३२० चा एमपी३ सुमारे २.४ एमबी घेतो. फोनने मुळातच एम४ए फाइल केली असेल, तर तीच मूळ प्रत समजावी, तिचा एमपी३ करून मूळ पुसून टाकू नये. व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश म्हणून बोललेला मजकूर ओपस पद्धतीने बोलण्याच्या गरजेपुरता आवळला जातो. गाणे पाठवायचे असेल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी.

प्रश्न : घरातच लहानसा स्टुडिओ सुरू केला आहे. लग्नातील गीते, दुकानांच्या जाहिराती, शाळांची स्वागतगीते अशी कामे येतात. मित्राने महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ प्रत दिली आहे. भावाकडे त्याच सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती आहे. मोफत सॉफ्टवेअर वापरले तर तयार गाण्यावर त्यांचा हक्क येतो, असे कोणी म्हणाले. यांपैकी काय करावे?
— एक ध्वनिमुद्रक, शिंदे की छावणी

उत्तर : क्रमाने सांगतो. क्रॅक प्रतीचा विचारच नको. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हाच गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालयाला कारावास न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडता येते, पण ग्राहकाला बिल देणाऱ्या स्टुडिओला ही सवलत मागता येणार नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात काय काय शिरते, हे आपल्या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको.

विद्यार्थी आवृत्तीचा प्रश्न कायद्यापेक्षा कराराचा आहे. तिच्या अटींत ती कोणी आणि कशासाठी वापरावी हे लिहिलेले असते. अनेक कंपन्या तिच्यावर व्यावसायिक कामाला मनाई करतात, काही करत नाहीत, आणि परवाना बहुधा त्या विद्यार्थ्यापुरताच असतो. भावाची प्रत आपली होत नाही. सॉफ्टवेअर बसवताना ‘मान्य आहे’ यावर टिचकी मारण्याआधी निदान व्यावसायिक वापर, संगणकांची संख्या आणि हस्तांतरण ही तीन कलमे वाचावीत. बाकीचा मजकूर मीही चाळतोच.

मोफत सॉफ्टवेअरबद्दलची भीती निराधार आहे. ऑडॅसिटी, आर्डर किंवा एलएमएमएस ही सॉफ्टवेअरे जीपीएल या मोकळ्या परवान्याखाली येतात. तो परवाना प्रोग्रामच्या प्रती वाटणे आणि बदलणे यांविषयी आहे, त्यातून तयार झालेल्या ध्वनिमुद्रणाविषयी नाही. आपण केलेले काम आपले किंवा आपल्या ग्राहकाचे, जसे ठरले असेल तसे. इथे मोफत म्हणजे दर वेळी बिनपैशाचे असेही नाही : आर्डरचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, पण चालवायला तयार प्रत अधिकृतपणे घ्यायची तर पैसे देतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. जीपीएलचे नसलेले पण खिशाला परवडणारे म्हणून रीपरचे नाव घेता येईल. साठ दिवस ते पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते; त्यानंतर ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल वीस हजार डॉलरपेक्षा कमी आहे, त्याला साठ डॉलरचा सवलतीचा परवाना पुरतो. आपल्यासारख्या स्टुडिओला एवढ्यात प्रामाणिकपणे काम सुरू करता येते.

खरी काळजी घ्यायची ती तयार तुकड्यांबाबत, म्हणजे लूप आणि सॅम्पल यांच्याबाबत. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे प्रत्येक वापरामागे पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. त्यावर कोणाचा हक्कच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. उदाहरणार्थ, ॲपलच्या गॅरेजबँडबरोबर मिळणारे लूप आपल्या स्वतःच्या रचनेत, व्यावसायिक कामातही, वापरता येतात. पण तेच सुटे करून लूप म्हणून विकता किंवा वाटता येत नाहीत. असा तुकडा जगभर हजारो जण वापरत असतात, म्हणून त्यावर बेतलेले गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडी या, गाणी आपोआप ओळखणाऱ्या व्यवस्थेत स्वतःचे म्हणून नोंदवता येत नाही. एखाद्याने तरीही नोंदवले, तर आपल्या निरपराध जाहिरातीवर दावा येतो आणि ग्राहकाचा फोन आपल्याला येतो. तुकडा कोठून, कधी आणि कोणत्या अटींवर घेतला, याची प्रत त्या त्या कामाच्या फोल्डरमध्येच ठेवावी. आपण नुसते ‘रॉयल्टी-फ्री होते’ म्हणून भागत नाही. त्या दिवशीच्या अटींचे पान दाखवता आले पाहिजे, कारण संकेतस्थळावरच्या अटी बदलत राहतात.

परवाना संपण्याचा आणखी एक परिणाम आपण विचारलेला नाही, तरी सांगतो. भाडेतत्त्वावरच्या सॉफ्टवेअरचे किंवा प्लगइनचे (त्याला जोडायच्या पुरवणी प्रोग्रामचे) वर्ष संपले की जुने काम उघडते, पण त्यातली वाद्ये मुकी होतात. म्हणून काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक ट्रॅक आरंभबिंदूपासून स्वतंत्र २४ बिट वेव्ह म्हणून काढून ठेवावा. पुढे कोणतेही सॉफ्टवेअर असो, तो त्यात उघडेल. ग्राहकाला एमपी३ देताना आवाजाची उच्चतम पातळी शून्य डेसिबलला टेकवू नये, एक डेसिबल खाली ठेवावी. एन्कोडिंगनंतर तरंगांची टोके मुळापेक्षा वर जातात आणि दुकानातल्या भोंग्यावर फाटतात.

प्रश्न : आजोबांनी स्वतःच्या स्पूल यंत्रावर घरातल्या बैठका मुद्रित केल्या होत्या, काही १९७० च्या आसपासच्या, काही नंतरच्या. शिवाय रेडिओवरून उतरवलेले कार्यक्रम आणि जुन्या ७८ गतीच्या तबकड्या आहेत. हे सारे संगणकावर घेऊन सर्वांसाठी खुले करावे असे वाटते. संगणकावर घेतल्यावर त्या फाइली आमच्या होतात ना?
— एक वाचक, चिटणीस की गोठ

उत्तर : फाइल आपली होते, तिच्यातील गाणे आणि वादन केवळ रूप बदलल्यामुळे आपले होत नाही. आपल्या संग्रहातील तीन प्रकारांचा विचार वेगवेगळा करावा लागेल.

तबकड्यांचा प्रकार सर्वांत सोपा आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क, ज्या वर्षी ते प्रकाशित झाले त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण तबकडीवरच्या रचनेचा आणि शब्दांचा हक्क स्वतंत्र असतो आणि तो रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. परंपरेने आलेल्या बंदिशीला ही अडचण नाही. संगीतशास्त्रकार भातखंडे १९३६ साली गेले, त्यांच्या रचनाही मुक्त झाल्या आहेत. परंतु आपल्या गावचेच उदाहरण घ्यायचे तर ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित १९८९ साली निवर्तले; एखादी बंदिश त्यांनी स्वतः बांधलेली असेल, तर तिचा हक्क २०४९ च्या अखेरपर्यंत राहील. ग्वाल्हेरच्या परंपरेत ‘ही कोणाची’ असे विचारले की निम्म्या वेळा वाद सुरू होतो, हे मी जाणतो. तरीही प्रत्येक रचनेपुढे जे कळेल ते लिहून ठेवावे.

घरच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ज्याने स्वतःच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर केले, तो कायद्याच्या दृष्टीने त्याचा निर्माता; म्हणजे तो हक्क आजोबांचा आणि त्यांच्यामागून वारसांचा. गायक-वादकांचा सादरकर्ता म्हणून असलेला हक्क त्याहून निराळा आहे. आपल्या कायद्यात तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, २०१२ साली अधिक बळकट झाला, आणि त्याची मुदत सादरीकरणानंतरच्या वर्षारंभापासून पन्नास वर्षे आहे. १९७२ ची बैठक असेल तर मुदत मोजली तरी ती २०२२ च्या अखेरीस संपते. १९८५ ची असेल तर अजून बाकी आहे. मुदतीचा हिशेब काहीही येवो, गायकाच्या घरी जाऊन विचारावे, असा माझा आग्रह आहे. बैठक चार भिंतींत, ओळखीच्या माणसांसमोर झालेली असते. तिथे घेतलेली एखादी चाचपडती तान जगाला ऐकवायची की नाही, हे त्या घराला ठरवू द्यावे. होकार मिळाला तर तो लेखी घ्यावा आणि त्यात ‘इंटरनेटवर विनामूल्य ऐकवण्यास’ असे उद्देशासह लिहावे.

रेडिओवरून उतरवलेले कार्यक्रम मात्र घरापुरते ठेवावेत. प्रसारणाचा वेगळा हक्क पंचवीस वर्षांचा असला, तरी आकाशवाणीने स्वतः मुद्रित केलेल्या कार्यक्रमाचा ध्वनिमुद्रणहक्क त्याने संपत नाही, आणि आकाशवाणी अजून आहे. तिला विचारता येते.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे. अभिलेखागारांत किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह हे माप पाळतात; यंत्र चांगले असेल तर ९६ किलोहर्ट्झ घ्यावे. या मापाने दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण तासाला दोन जीबीहून किंचित अधिक होते, आणि साध्या वेव्ह फाइलला चार जीबीची मर्यादा असल्यामुळे सुमारे दोन तासांनंतर फाइल तुटते किंवा उघडत नाही. लांब बैठक भागांत घ्यावी. बहुतेक घरगुती स्पूल एकाच वाहिनीवर मुद्रित केलेले असतात. तसे असेल तर एकच वाहिनी घेतल्याने जागा निम्मी लागेल. स्पूल फिरवण्याआधी त्या त्या टेपवरच्या मुद्रणाप्रमाणे हेडचा कोन जुळवून घ्यावा, कारण तो चुकला तर वरचे स्वरांश फाइलीत मुळातच उतरत नाहीत आणि नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ते आणून देत नाही. खरखर कमी करायची असेल तर ती प्रतीवर करावी. मूळ फाइलीला हात लावू नये. खरखर काढणाऱ्या प्रोग्रामना तंबोरा आणि खरखर यांतला फरक नेहमीच कळतो, असे नाही.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडळाची मुले तयार कराओकेवर चित्रपटगीते गातात. ते मुद्रित करून इंटरनेटवर टाकले तर चालेल का?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, माधवगंज

उत्तर : हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांसमोर गाणे सादर करण्यास कायद्याने मोकळीक आहे, कलम ५२ (१) (एल) त्यासाठीच आहे. ही मोकळीक सादरीकरणापुरती आहे, त्याचे मुद्रण प्रसारित करण्यास ती लागू पडत नाही. शिवाय कराओकेचा ट्रॅक हेही कोणाचे तरी ध्वनिमुद्रणच असते, त्यामुळे मूळ गाण्याच्या आणि त्या ट्रॅकच्या अशा दोन परवानग्या लागतात. नव्याने गाऊन ध्वनिमुद्रण काढण्यासाठी कलम ३१सी मध्ये वैधानिक परवाना आहे, पण मूळ गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष संपून पाच वर्षे झालेली असावी लागतात आणि दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. मंडळाला हे परवडणारे नाही. मुलांकडून पारंपरिक अभंग आणि आरत्या स्वतःच्या हार्मोनियम-तबल्यावर गाऊन घ्याव्यात, ते निर्धास्तपणे टाकता येईल.

प्रश्न : फाइलींत रागाचे व गायकाचे नाव देवनागरीत लिहिले, तर गाडीतल्या प्लेअरवर प्रश्नचिन्हे दिसतात. आणि वेव्ह फाइलीत लिहिलेली माहिती दुसऱ्या संगणकावर नाहीशी होते. उपाय?
— एक श्रोते, जिवाजीगंज

उत्तर : एमपी३ मध्ये माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. जुन्या आयडी३ पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला केवळ तीस बाइट मिळतात आणि देवनागरीची तिथे सोयच नाही. जुने प्लेअर नेमकी तीच वाचतात. टॅग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयडी३ ची २.३ ही आवृत्ती आणि यूटीएफ-१६ हा पर्याय निवडावा, आणि जुन्या आवृत्तीच्या रकान्यांत रोमन अक्षरांत नाव लिहावे, म्हणजे दोन्ही यंत्रे भागतील. फ्लॅकमध्ये देवनागरी पहिल्यापासून नीट चालते. वेव्हमध्ये माहिती ठेवण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्यांपैकी आपल्याला हव्या त्याच वाचते, म्हणून त्यावर विसंबू नये. राग, ताल, गायक, साथीदार, ठिकाण, तारीख, ध्वनिमुद्रण कोणी केले आणि परवानगी कोणाची आहे, हे सारे यूटीएफ-८ मधील साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ती त्याच फोल्डरमध्ये, वेव्ह फाइलच्याच नावाने ठेवावी.